कार्टची शर्यत आणि वेणीची गाठ

या खेपेच्या टपालात जामसंड्याच्या एका भगिनींचे पत्र आहे. हापूसच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या, कलमांखालची आवराआवर संपली आणि पहिला पाऊस कातळावर वाजू लागला, म्हणजे त्या बाजूच्या बागाईतदाराच्या घरास वर्षातून प्रथमच उसंत मिळते. त्या उसंतीत हे कुटुंब दुबईस थोरल्या मुलाकडे जाणार आहे. मुलाच्या कचेरीतील मंडळींनी तेथील हौशी कार्ट-शर्यतीत एक संघ उतरविण्याचे योजिले असून, संघातील रिकाम्या जागेवर त्याने धाकट्या बहिणीचे नाव परस्पर दिले आहे. मुलगी बावीस वर्षांची, पुण्यास शिकणारी, आणि जामसंड्याहून नांदगावपर्यंतच्या रस्त्यातील प्रत्येक वळण दुचाकीवरून पाठ असलेली. वडिलांनी ‘कार्टीने कार्टमध्ये बसण्याचे काही कारण नाही’ एवढ्या एका वाक्यात निकाल दिला आहे. आईसाहेबांना मात्र तो निकाल पुरेसा वाटत नाही. हा खरोखर खेळ आहे की जत्रेतील पाळणा, आणि मुलीस जाऊ द्यावे की नाही, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

आमचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो : हा खरा खेळ आहे, आणि मुलीस अवश्य जाऊ द्यावे. परंतु तो खरा खेळ आहे म्हणूनच काही गोष्टी घरून निघण्यापूर्वी पाहिल्या पाहिजेत. त्यांतील सर्वांत मोठी गोष्ट मुलीच्या डोक्यावरच आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

कार्ट म्हणजे मोटारीचा सांगाडा, आणि तोही अर्धामुर्धा. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने लोखंडी नळ्या जोडून, हिरवळ कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट तयार केली. हा गृहस्थ शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यातच कामास होता. दिवसभर दुसऱ्यांसाठी महागड्या गाड्या घडवाव्या आणि फावल्या वेळी स्वतःसाठी स्वस्तातली घडवावी, असा हा हौशी उद्योग. तो इतका फोफावला की १९६४ पासून कार्टच्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. ब्राझीलचा आयर्टन सेना पुढे फॉर्म्युला वन शर्यतींत तीन वेळा जगज्जेता झाला. पण १९७९ व १९८० या दोन्ही वर्षी कार्टच्या जागतिक स्पर्धेत त्यास दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. १९९३ साली, आयुष्यात कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजताना सर्वांत समाधान वाटले, असे त्यास विचारण्यात आले. त्याने कोणा जगज्जेत्या मोटारवीराचे नाव घेतले नाही. कार्टच्या दिवसांतील आपला जोडीदार, इंग्लंडचा टेरी फुलर्टन, याचे नाव त्याने घेतले, आणि त्या शर्यतींत पैसा नव्हता, राजकारण नव्हते, निव्वळ शर्यत होती, असे कारण दिले. हौस या शब्दाची याहून चांगली कैफियत आमच्या ऐकण्यात नाही. आपल्याकडे हौशी म्हटले की कच्चा असा अर्थ लोक घेतात. ज्या समाजाने हौशी नाटकमंडळ्यांच्या जिवावर रंगभूमीचे पडते दिवस सावरून धरले, त्याने तरी असे करू नये.

मराठी मुलुखात हा खेळ अगदीच अपरिचित आहे असेही नव्हे. मुंबईच्या जेहान दारूवाला याने २०१२ साली कार्टच्या आशिया-पॅसिफिक स्पर्धेत आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळविले आणि २०१३ साली कुमारांच्या जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक पटकाविला. पुढे २०२० साली फॉर्म्युला टू मालिकेतील शर्यतही त्याने जिंकली. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला. आणि ज्यांना वाटते की हा पोरासोरांचा, त्यातही मुलग्यांचाच प्रांत आहे, त्यांच्यासाठी पुण्याच्या डायना पंडोल यांचे उदाहरण देतो. शिक्षिकेचा पेशा, दोन मुलांचा संसार, आणि २०२४ साली मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांबरोबर धावून सलून गटाचे विजेतेपद. असे विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्यांची शर्यत मोटारींची, कार्टची नव्हे. पण जामसंड्याच्या वडिलांपुढे ठेवण्यास एवढा दाखला पुरे व्हावा.

आता यंत्राविषयी थोडे, कारण ते समजले की भीती जाते आणि सावधपणा येतो. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले कमी कापते, आणि गाडी सुखाने वळते. मोटारीत हेच काम दातेरी चक्रांची एक जोडणी करते. कार्टमध्ये दोन्हींपैकी काहीच नाही. मागची दोन चाके एकाच सळईला घट्ट जखडलेली असतात. एक फिरले की दुसऱ्याने तितकेच फिरले पाहिजे. मग ही गाडी वळते तरी कशी? पुढची चाके ज्या खिळ्यांवर वळतात ते खिळे मुद्दाम तिरपे बसविलेले असतात. सुकाणू फिरविताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दाबले जाते, सांगाडा किंचित पिळवटतो, आणि त्या बाजूचे मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जाते. तेवढ्या क्षणात गाडी वळून घेते. कार्टला झोके खाणाऱ्या कमानी नसतात त्याचे हेही एक कारण : सांगाड्याने पिळवटायचे असते, मऊ व्हायचे नसते. म्हणून रस्त्यातील प्रत्येक खडा चालकाच्या बरगड्यांना कळतो. पहिल्या दिवशी बरगड्या दुखल्या तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी श्वास घेतानाही दुखल्या तर मात्र डॉक्टरांस दाखवावे.

भाड्याच्या कार्टला गिअर नसतात. उजव्या पायाखाली वेग, डाव्या पायाखाली ब्रेक, आणि तो ब्रेक सामान्यतः मागच्या सळईवरच चालतो. मोटार चालविण्याची सवय असलेली माणसे येथे फसतात. त्यांचा डावा पाय क्लच दाबण्यास सोकावलेला. तोच जोर ब्रेकवर पडला, आणि तोही वळणाच्या मध्यावर, की मागची चाके घसरून गाडी भिंगरीसारखी फिरते. कन्येस दुचाकीची सवय आहे, हे या दृष्टीने बरेच झाले. तिच्या डाव्या पायास काही विसरावयाचे नाही. नियम एकच : ब्रेक सरळ रस्त्यावर, वळण सुरू होण्याच्या आधी, आणि दोन्ही पाय एकदम दाबू नयेत. नांदगावच्या रस्त्यावर तिने हे आधीच शिकून घेतले असेल. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवणारा स्वार पावसाळ्यात फार दिवस टिकत नाही.

आता वेणी. या मासिकाच्या वाचकवर्गात लांब केसांचा अभिमान बाळगणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून हा भाग विस्ताराने लिहितो. २०१८ साली हरियाणातील पिंजोरच्या उद्यानात सहलीस आलेल्या एका तरुण विवाहितेचे केस कार्टच्या फिरत्या भागात अडकले आणि ती मरण पावली. २०२० साली हैदराबादेनजीक एका विद्यार्थिनीचा अंत तसाच झाला. दोघीही कुटुंबीयांसमवेत वा सोबत्यांसमवेत मौजेखातर गेल्या होत्या, शर्यतही नव्हती. त्यांची नावे येथे देत नाही, परंतु ही उदाहरणे ऐकीव नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हा धडा मिळाला होता. जगद्विख्यात नर्तकी इसाडोरा डंकन १९२७ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील नीस शहरी खुल्या मोटारीतून निघाली. गळ्यातील लांब रेशमी शाल मागच्या चाकात गुंतली, आणि गाडी काही अंतर जाते न जाते तोच सारे संपले.

हे इतक्या झटपट का घडते याचा हिशेब घरी बसून करता येतो. भाड्याच्या कार्टचे मागचे चाक सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाचे असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने ते सेकंदास सुमारे १६ वेळा फिरते, आणि त्यास जखडलेली सळईही तितक्याच वेळा फिरते. सळई ४ सेंटिमीटर जाडीची धरली तर ती सेकंदास जवळजवळ २ मीटर केस गुंडाळू शकते. म्हणजे दोन हात लांब वेणी अर्ध्या सेकंदात संपली. एवढ्या वेळात पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाही, ओरडणेही होत नाही. आणि ही सळई असते कोठे? चालकाच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर. चांगल्या ठिकाणी तिच्यावर व इंजिनावर झाकण असते. ते प्रत्यक्ष बोट दाखवून विचारावे आणि नसेल त्या ठिकाणी पैसे भरले असले तरी परत फिरावे. गेलेले पैसे पुन्हा मिळतात.

झाकण असले तरी केसांची व्यवस्था आपली आपण करावी. नुसते शिरस्त्राण घालून वेणी पाठीवर सोडणे हीच सर्वांत धोक्याची तऱ्हा आहे. वेणी घालून ती मानेपाशी गुंडाळावी, गाठ पक्की करावी, आणि वरून डोक्यास व मानेस घट्ट बसणारी कापडी टोपी घालावी. ती टोपी बहुतेक ठिकाणी शिरस्त्राणाबरोबर देतात. फार उंच अंबाडा बांधू नये, कारण मग शिरस्त्राण नीट बसत नाही आणि धक्क्याने उचलले जाते. टोपीची खालची कड अंगरख्याच्या गळ्याच्या आत गेली पाहिजे. ओढणी नको, पदर नको, मफलर नको, अंगावर लोंबणाऱ्या नाड्या असलेली बंडी नको. मंगळसूत्र व साखळी काढून ठेवावी. याबद्दल एखाद्या सासूबाईंस हरकत असल्यास त्यांना वरील हिशेब वाचून दाखवावा. पायांत बंद बूट असावेत आणि त्यांचे बंद आत खोचलेले असावेत. एवढे झाल्यावर सोबतच्या माणसाने पाठीमागून एकवार पाहून घ्यावे. स्वतःची पाठ स्वतःस दिसत नाही.

दुसरी व्यवस्था कागदपत्रांची. आपल्याकडून परदेशी जाताना प्रवासाचा विमा काढण्याचा परिपाठ आता चांगला रुळला आहे. परंतु तो कागद वाचण्याचा परिपाठ रुळलेला नाही. पुष्कळशा विम्यांत शर्यती, मोटारींचे खेळ व तत्सम धाडसी प्रकार वगळलेले असतात. कधी ते बारीक अक्षरांत शेवटी असते, कधी वेगळा हप्ता भरून समाविष्ट करून घेता येते. आपला विमा भाड्याच्या कार्टच्या हौशी शर्यतीस लागू आहे काय, एवढा एकच प्रश्न विमा कंपनीस लेखी विचारावा आणि लेखी उत्तर जवळ ठेवावे. तोंडी ‘काही हरकत नाही’ म्हणणारा दलाल मनगट मोडल्यावर दुबईच्या रुग्णालयात येत नाही. तेथील उपचारांचा खर्च एका आंबा-हंगामाचा नफा सहज खाऊन टाकील. शर्यतीच्या जागीही एक जोखीमपत्र सहीसाठी पुढे करतात. अपघाताची जबाबदारी आपण पत्करली, असा त्याचा सर्वसाधारण मथितार्थ असतो. सही केल्यावाचून उतरू देणार नाहीत, हे खरे. पण सही करण्यापूर्वी पाठदुखी, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांविषयीच्या अटी वाचाव्यात. त्या केवळ वकिली नसतात.

येथे एक आडवळण. जपानला गेलेली काही मंडळी टोकियोच्या भर रस्त्यातून रंगीत पोशाख घालून कार्ट चालवितात आणि त्याची छायाचित्रे धाडतात. ती शर्यत नव्हे, आणि तेथील नियमही निराळा : तो सार्वजनिक रस्ता असल्यामुळे १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये दिलेला आंतरराष्ट्रीय चालक परवाना लागतो. सिंधुदुर्गवासीयांनी तो निघण्यापूर्वी सिंधुदुर्गनगरीच्या परिवहन कार्यालयातून घ्यावा. त्यातील एका कंपनीवर निन्टेन्डो या खेळ बनविणाऱ्या कंपनीने आपल्या पात्रांचे पोशाख वापरल्याबद्दल दावा लावला होता आणि २०२० साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पाच कोटी येन मिळविले. बंदिस्त मार्गावरील कार्टसाठी असा परवाना सहसा मागत नाहीत. वय व उंची मात्र पाहतात.

दुबईचा मार्ग ऑटोड्रोमच्या आवारात आहे. लांबी सुमारे १.२ किलोमीटर. भाड्याच्या कार्टांच्या चोवीस तासांच्या संघशर्यतीही तेथे झालेल्या आहेत, त्यावरून हौसेची मजल कोठवर जाते ते दिसेल. जूनमध्ये दिवसा पारा चाळीस अंशांच्या पुढे असतो. म्हणून शर्यत रात्री दिव्यांच्या उजेडात आहे की दिवसा, हे आधीच विचारून घ्यावे. कोकणची माणसे उकाड्यास सरावलेली, पण तो उकाडा झाडांच्या सावलीतला. जाड अंगरखा, कापडी टोपी आणि बंद शिरस्त्राण घालून डांबरावर चार बोटे उंचीवर बसणे निराळे. पाणी आदल्या दिवसापासून प्यावे.

त्याआधी एकदा कोल्हापूर करावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तेथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा मार्ग आहे आणि त्यावर राष्ट्रीय कार्ट-स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत. जामसंड्याहून तळेरे, वैभववाडी करीत गगनबावड्याचा घाट चढले की कोल्हापूर. चौकशी करून एखादा दिवस ठरवावा. परक्या देशात, परक्या भाषेतील सूचना ऐकत, प्रथमच डावा पाय ब्रेकवर ठेवण्यापेक्षा अंबाबाईचे दर्शन घेऊन सराव केलेला बरा. वडिलांनीही बरोबर जावे. स्वतः दहा मिनिटे बसून पाहिले तर त्यांच्या निकालास फेरतपासणीची संधी मिळेल. मनगटे आणि खांदे कसे भरून येतात ते कळल्यावर कन्येविषयीचा आदरही वाढेल.

प्रत्यक्ष शर्यतीत निशाणांची भाषा येणे आवश्यक आहे. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, वेग कमी, कोणास मागे टाकावयाचे नाही. निळे म्हणजे पाठीमागून वेगवान गाडी येत आहे, वाट द्यावी. तांबडे म्हणजे शर्यत थांबली. काळे दाखविले तर आत बोलावणे आले, कोठेतरी नियम मोडला. काळे-पांढरे चौकटीचे म्हणजे समाप्ती. दुसऱ्याच्या गाडीस धक्का देऊन जागा काढणे जत्रेत चालते, येथे त्यास शिक्षा आहे. गाडी फिरून थांबली तर उतरू नये; हात वर करून स्वस्थ बसावे. उतरणाऱ्या माणसास मागून येणारा चालक शेवटच्या क्षणीच पाहतो.

भाड्याच्या कार्टांच्या शर्यतीत सर्वांना एकाच जातीच्या गाड्या मिळतात आणि पुष्कळदा त्या चिठ्ठ्या टाकून वाटतात. तरीही एकीचे इंजिन दुसरीपेक्षा ताजे असतेच. त्याबद्दल कुरकुर करणे हा या खेळातील सार्वत्रिक छंद आहे. मोठा फरक पडतो तो वजनाचा. इंजिनाची ओढ तीच, आणि ओढावयाचे ओझे एकीकडे पन्नास किलो, दुसरीकडे नव्वद. वळणातून बाहेर पडताना हलका माणूस पुढे जाणारच. म्हणून नेटक्या स्पर्धांत सर्वांस काट्यावर उभे करतात आणि हलक्यांच्या गाडीत शिशाचे ठोकळे घालून वजन सारखे करतात. ही तुळा होते की नाही, हे नाव देतानाच विचारावे. होत नसेल तर कन्येच्या संघाचे फावेल, हे खरे. पण मग जिंकल्यावर कोणी वजनाचा उल्लेख केला तर हसून घ्यावे.

शेवटी हाती येतो तो वेळेचा तक्ता. प्रत्येक गाडीस बांधलेले यंत्र प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपते. नवखी माणसे त्यात आपली सर्वांत वेगवान फेरी शोधतात आणि तेवढ्यावर खूश होतात. तशी एखादी फेरी मोकळा रस्ता मिळाल्यानेही साधते. पाहावयाचे ते निराळे : समजा, पहिल्या पाच फेऱ्यांत एक ७२ सेकंदांची, दुसरी ७६ ची, तिसरी ७१ ची अशी उडी असेल आणि शेवटच्या पाचही ७१ ते ७२ च्या दरम्यान असतील, तर ती मुलगी शर्यत शिकली असे समजावे, मग तिचा क्रमांक बारावा का असेना. हा तक्ता कोठे टपालयंत्रावर पाठवितात, कोठे पातळ कागदावर छापून देतात. कागद असेल तर त्यावरील अक्षरे उष्णतेने उमटविलेली असतात आणि काही महिन्यांत उडून जातात. जामसंड्याच्या दमट हवेत तो दिवाळीपर्यंतही वाचता येईल याची खात्री नाही. हाती पडताच त्याचे छायाचित्र काढून घ्यावे.